दहा दिवस नजरेसमोर

नर्सच्या नोकरीत मी सगळ्यात जास्त कोणती इंजेक्शनं दिली असतील, तर कुत्रं चावल्याची. आधी तलासरीकडच्या एका डोंगराळ गावातल्या उपकेंद्रात आणि नंतर डहाणूला, सरकारी दवाखान्यात. माणसं घाबरून येतात. कुणी जखमेत चुना भरलेला असतो, कुणी मिरची. मी ते धुवून काढते, ठरलेले प्रश्न विचारते आणि ठरलेल्या आवाजात म्हणते, "घाबरू नका, काही होत नाही." इतक्या वर्षांत चावणाऱ्या कुत्र्याच्या घरात त्या दिवशी काय चाललं असेल, हा विचार एकदाही माझ्या मनात आला नाही. तो आला तेव्हा चावणारं कुत्रं आमचंच होतं.

आमचं घर नरपडला, समुद्रापासून पाचेक मिनिटांवर. मुलगा नोकरीसाठी बडोद्याला गेला आणि घरात आम्ही दोघंच उरलो. माझे मिस्टर घोलवडच्या एका वाडीत चिकूच्या पॅकिंगवर देखरेख करायचे. तिथल्या शेडमध्ये, रिकाम्या क्रेटच्या थप्पीमागे एक कुत्री व्यायली होती. तोडणीचे दिवस आले, ती जागा मोकळी करायची होती, म्हणून कामगारांनी एकेक पिल्लू उचलून नेलं. शेवटचं उरलेलं मिस्टरांनी चिकूच्या खोक्यात घातलं आणि स्कूटरवर पायाशी ठेवून घरी आणलं.

"महिन्याचं झालंय," ते म्हणाले.

मी बोट पुढे केलं तर ते चोखायला लागलं. महिन्याचं नसावं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण घरात फार दिवसांनी काहीतरी हलत-डोलत होतं. मी दूध कोमट करायला गेले.

पहिले पंधरा दिवस लाडाचे गेले. मग पिल्लाच्या दातांना धार आली. हात, पायाचे अंगठे, साडीचा काठ, चपला, खाटेचा पाय, माझ्या ड्युटीच्या पिशवीचा पट्टा, जे हलेल ते आणि जे हलणार नाही तेही त्याच्या तोंडात जायचं. दवाखान्यात सहकारी विचारायच्या, "करवंदाच्या जाळीत हात घातला होता का?" त्यात शू. त्याला अंगणात घेऊन जावं तर दहा मिनिटं मुंग्या हुंगत बसायचं, आणि आत आलं की थेट कपाटाशेजारी उभं राहून मोकळं व्हायचं. तिथंच नाक घासलं की पिल्लू शिकतं, असं मी कुठंतरी ऐकलं होतं. मी ते केलं. पिल्लू एवढंच शिकलं की आमच्यासमोर शू करायची नसते. मग ते कपाटाच्या मागे जाऊन करायला लागलं.

मिस्टर त्याच्याशी हातानं खेळायचे. बोटं त्याच्या तोंडासमोर नाचवायची, त्यानं धरलं की हसायचं, आणि जोरात चावलं की त्याच हातानं एक चापट. पिल्लाला यातून काय कळायचं कोण जाणे. ते आणखी चेकाळायचं. त्याचं नाव आम्ही दिवसातून पन्नास वेळा घ्यायचो, आणि पन्नासही वेळा ओरडून.

शेजारी मावशी राहतात. नात्यातल्या नाहीत, पण आम्ही इथं राहायला आलो तेव्हापासून मी त्यांना मावशीच म्हणते. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. घरच्या होडीची मासळी विकतात, आणि अंगणात बोंबील आणि जवळा सुकवतात. त्यांचं अंगण आणि आमचं मागचं दार यांच्यामध्ये मेंदीचं कुंपण होतं आणि त्यात माणूस जाईल एवढी एक फट. आमचं येणं-जाणं त्या फटीतूनच. मावशी पुढच्या दारानं आमच्याकडे कधी आल्याचं मला आठवत नाही.

पिल्लानं पहिल्यांदा बोंबील पळवला तेव्हा मावशी हसल्या. दुसऱ्यांदा पसरलेल्या जवळ्यात लोळून आलं तेव्हा हसल्या नाहीत. "बांध गो त्याला," म्हणाल्या. "माझी रोजी आहे ती."

आम्ही त्याला मागच्या दाराशी नायलॉनच्या दोरीनं बांधायला लागलो. सकाळी नऊला आम्ही दोघं बाहेर पडायचो ते संध्याकाळपर्यंत. मधल्या वेळात ते काय करतं, हे आम्हाला मावशींकडून कळायचं. भुंकतं. रडतं. दोरी चावतं. संध्याकाळी सोडलं की अंगात वारं भरल्यासारखं घरभर पळायचं आणि जे पुढ्यात येईल त्याला चावायचं. आम्हाला वाटायचं, पिल्लू मुळातच दांडगं आहे.

मग ती सकाळ आली. ड्युटीला निघण्याआधी मी त्याला जरा मोकळं सोडलं होतं. मावशी वाटीत सोललेली कोळंबी घेऊन फटीतून आल्या. कामाचं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. पिल्लू धावलं आणि पायात घुटमळायला लागलं. त्यांनी पाय झटकला. त्याला तो खेळच वाटला असणार. मावशी ओरडून मागे पळाल्या आणि त्यानं पोटरी धरली.

वाटी पडली. मावशी पायरीवर बसल्या. पोटरीवर दोन भोकं आणि एक लांब ओरखडा, रक्त घोट्यापर्यंत आलेलं.

मी आधी काय करायला हवं होतं, ते माझ्याइतकं गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. पण मी आधी केरसुणी उचलली आणि पिल्लाला मारलं. एकदा नाही, तीनदा. ते केकाटत टाकीमागे गेलं, तरी मी केरसुणी उगारून उभी होते. मग भानावर आले आणि मावशींना नळाखाली बसवलं. साबण लावून पाणी सोडलं.

"हळद आण," मावशी म्हणाल्या.

"हळद नको मावशी. पंधरा मिनिटं नुसतं धुवायचं. मग माझ्याबरोबर दवाखान्यात चला, स्कूटरवर."

"मी येईन माझी." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "तू जा, सिस्टर."

मावशी मला 'पोरी' म्हणायच्या. सगळं गाव मला 'सिस्टर' म्हणतं, पण त्यांच्या तोंडून मी ते पहिल्यांदाच ऐकलं.

तासाभरानं त्या सुनेबरोबर रिक्षानं आल्या आणि इंजेक्शनच्या खोलीबाहेर रांगेत बसल्या. मी त्यांना आधी बोलवायला गेले तर म्हणाल्या, "माझा नंबर आला की येते." नंबर आल्यावर समोर बसल्या. मी रजिस्टर उघडलं. नाव, वय, गाव मला पाठ होतं. पुढचा रकाना, चावलेला प्राणी. कुत्रा. पाळीव की भटका. पाळीव. लस दिलेली आहे का? नाही, अजून तीन महिन्यांचं झालं नव्हतं. रक्त आलेलं होतं, म्हणून डॉक्टरांनी जखमेभोवती सीरमचं इंजेक्शनही सांगितलं. ते दुखतं. मावशींनी सुनेचा हात घट्ट धरला, पण हूं की चूं केलं नाही. मी माझं नेहमीचं 'घाबरू नका' म्हणायला तोंड उघडलं आणि गप्प बसले.

संध्याकाळी मिस्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अच्छाडला सोडून येतो. हायवेच्या नाक्यावर इतके ढाबे आहेत, खायला मिळेल. ट्रकवाले टाकतात काहीबाही."

"आत्ता नाही," मी म्हणाले. "दहा दिवस ते नजरेसमोर हवं. दहा दिवस धडधाकट राहिलं, तर मावशींना त्याच्यापासून धोका नाही असं समजायचं. आपणच नेऊन सोडलं तर कोण सांगणार?"

"मग अकराव्या दिवशी."

"अकराव्या दिवशी बघू."

मी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही, हे इथं लिहायला हवं.

लक्ष ठेवायचं तर घरी कुणीतरी पाहिजे. माझी रजा शिल्लक होती, पाच दिवस मी घेतली. पुढचे पाच दिवस मिस्टर घरून वाडीवर उशिरा जाणार आणि लवकर येणार, असं ठरलं. अशा रीतीनं ते पिल्लू घरी आल्यापासून पहिल्यांदाच मी एक अख्खा दिवस त्याच्याबरोबर काढला. दुपारपर्यंत माझ्या ध्यानात आलं की त्याला झोप हवी असते आणि झोपता येत नाही. रस्त्यावरून छकडा रिक्षा फटफटत गेली की उठायचं, दोरीला हिसका बसला की उठायचं. जितकं दमलेलं, तितकं जास्त चावायचं. उपकेंद्रात असताना पाड्यांवरच्या अंगणांत मी कितीतरी पिल्लं पाहिली होती. आईच्या पोटाशी ढीग करून दिवसभर झोपलेली. आमच्याकडचं एकटं होतं आणि त्याच्या गळ्यात नायलॉनची दोरी होती.

दुसऱ्या दिवशी मी त्याला जनावरांच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर तरुण होते. पिल्लाला तपासताना ते त्यांच्या मनगटाला झोंबलं. त्यांनी हात ओढला नाही. हात ढिला सोडला, तोंड फिरवलं, आणि पिल्लानं आपणच सोडून दिलं.

"आईपासून कधी तोडलं?" त्यांनी विचारलं.

"मिस्टर म्हणाले, महिन्याचं होतं. मला वाटतं, त्याहून लहान."

"मग बरोबर आहे. पिल्लं एकमेकांना चावत खेळतात ना, त्यात जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ सोडून निघून जातं. किती जोर लावायचा, ते तिथं कळतं. ह्याची ती शाळाच बुडाली."

"आता?"

"आता ती शाळा तुम्ही घ्यायची. चावलं की ओरडायचं नाही, मारायचं नाही, पळायचं नाही. उठून दुसरीकडे जायचं. अर्ध्या मिनिटानं परत. पुन्हा चावलं, पुन्हा उठायचं. चावायला त्याचं स्वतःचं काहीतरी द्या, जाड दोरखंडाचा तुकडा द्या. झोपून उठलं, खाल्लं, खेळलं, की लगेच बाहेर न्या. बाहेर शू केली की तिथल्या तिथं शाबासकी आणि खाऊ. घरात केली तर काही बोलू नका, पुसून टाका."

"मारलं तर?" मी विचारलं. मी मारलंय, असं सांगायचं धाडस झालं नाही.

"मारलं तर ते हाताला घाबरेल. घाबरलेलं कुत्रं मोठं झाल्यावर जास्त चावतं. तुम्ही तर इंजेक्शन देणाऱ्या, तुम्हाला मी काय सांगणार?"

घरी येऊन मी हे मिस्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "अकराव्या दिवशी सोडायचंच आहे, तर शिकवायचं कशाला?"

"मग दहा दिवस काय करायचं? नुसते चावे खायचे का त्याच्याकडून?"



मी सुरुवात केली. जमिनीवर बसायचं, त्यानं हात धरला की उठायचं, स्वयंपाकघरात जायचं, उभं राहायचं, परत यायचं. पहिल्या दिवशी माझे गुडघे बोलायला लागले. पिल्लू तर माझ्या उठण्यालाच खेळ समजून साडीला लोंबकळायचं. मी पदर खोचून, भिंतीकडे तोंड करून खांबासारखी उभी राहायची. ते कंटाळून सोडायचं. मिस्टर खुर्चीतून बघायचे आणि हसायचे. पण तिसऱ्या दिवशी त्यांनी बोटं नाचवली, पिल्लानं चावा घेतला, त्यांचा हात सवयीनं वर गेला आणि तसाच राहिला. मग ते उठले आणि ओट्यावर जाऊन उभे राहिले. पिल्लू दारात बसून त्यांच्याकडे मान वाकडी करून बघत होतं. मिस्टरांनी मला बाहेरून हाक मारून विचारलं, "अर्धं मिनिट झालं का गं?"

त्याच दिवशी मावशींचा दुसरा डोस होता. रजेवर असले तरी मी दवाखान्यात गेले. इंजेक्शन दुसऱ्या सिस्टरनं दिलं, मी बाजूला उभी राहिले. मावशी म्हणाल्या, "मेलं का ते?"

"नाही. चांगलं आहे."

"बरं," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या. ते 'बरं' त्यांच्या स्वतःसाठी होतं की पिल्लासाठी, मला कळलं नाही.

सातव्या दिवशीच्या डोसला मी ड्युटीवर होते. ही लस दोन्ही दंडांत टोचतात. मावशींनी दोन्ही दंड पुढे केले आणि एकदम म्हणाल्या, "दिवसभर उठते-बसते काय करतेस तू? मी बोंबील फिरवताना बघते. आज तुझा नवरा भिंतीकडे तोंड करून उभा होता. शाळेत शिक्षा करतात तसा."

मी सांगितलं. त्या ऐकून म्हणाल्या, "येडेपणा आहे." पण जाताना दारात थांबल्या. "कालपासून भुंकत नाही ते फार," म्हणाल्या.

भुंकणार कशाला, दोरी आम्ही काढून टाकली होती. मिस्टरांनी मागच्या पडवीला क्रेटच्या फळ्यांचं बुटकं फाटक केलं होतं, आत गोणपाट आणि दोरखंडाचा तुकडा. दुपारी मिस्टर तासभर येऊन जायचे. पिल्लू झोपायला लागलं. झोपायला लागलं तसं चावणंही उतरलं, थांबलं मात्र नाही. धरायचं, पण दाबायचं नाही, आणि मग माझ्याकडे बघायचं, ही आता उठते का म्हणून. शूचं मात्र पटकन जमलं. फक्त केरसुणीचं काही केल्या जमेना. मी झाडायला उचलली की ते पोट जमिनीला लावून मागे सरकायचं. मी किती गोड आवाजात बोलले तरी फरक पडायचा नाही. मी पिल्लाला शिकवायला मारलं नव्हतं. मावशींना दिसावं म्हणून मारलं होतं, आणि हे त्याच्यापेक्षा जास्त मला ठाऊक होतं. शेवटी मी मोठा झाडू आणला आणि केरसुणी देऊन टाकली.

अकराव्या दिवशी सकाळी मिस्टर पिल्लाला घेऊन अंगणात गेले. ते आता स्कूटर काढणार, असं मला वाटलं. हातातलं काम तसंच ठेवून मी आत उभी राहिले. थोड्या वेळानं ते परत आले, चपला काढल्या आणि म्हणाले, "बाहेर केली दोन्ही. उकडलेल्या अंड्याचा तुकडा दे त्याला." अच्छाडचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही.

पण हे आम्ही दोघांनी ठरवणं बरोबर नव्हतं. चावलं होतं मावशींना. त्यांना विचारायला हवं होतं, आणि मी ते रोज पुढे ढकलत होते.

अठ्ठाविसाव्या दिवशीचा शेवटचा डोस पुष्कळ जण चुकवतात. जखम भरलेली असते, भीतीही गेलेली असते. मावशीही आल्या नाहीत. दुपारी मी त्यांच्याकडे गेले, फटीतून नाही, रस्त्यानं. त्या अंगणात जाळ्यातून आलेला जवळा निवडत होत्या.

"मावशी, आज डोस आहे."

"पाय बरा झाला माझा."

"पायासाठी नाही तो. चला, मी नेते आणि आणून सोडते."

त्या निवडत राहिल्या. मी तिथंच खाली बसले आणि जे महिनाभर तोंडात होतं ते बोलले. "मावशी, चूक माझी होती. ते पिल्लू तुमच्यावर येतं हे मला दिसत होतं, तरी मी मोकळं सोडलं. आणि तुम्हाला न विचारता ठेवूनही घेतलं."

"त्या दिवशी तू त्याला मारत बसलीस," त्या म्हणाल्या. "मी पायरीवर बसले होते, रक्त येत होतं, आणि तू केरसुणी घेऊन त्याच्यामागे. ते मारणं माझ्यासाठी होतं ना? माझा पाय काय कमी दुखला त्यानं? आधी माझ्याजवळ यायचं होतंस, पोरी."

मला रडू आलं. मावशींनी जवळ्याचे हात लुगड्याला पुसले, पण मला जवळ वगैरे घेतलं नाही. म्हणाल्या, "ठेव कुत्रा. माझं काही म्हणणं नाही. पण कुंपणातली ती फट बुजव."

"बुजवते."

मग त्या माझ्या स्कूटरवर मागे बसल्या आणि आम्ही डहाणूला जाऊन शेवटचा डोस घेऊन आलो. रविवारी मिस्टरांनी फटीत बांबू रोवले आणि जाळी ठोकली. तेव्हापासून मावशी आमच्याकडे पुढच्या फाटकानं येतात. आधी कडी वाजवतात, मी कुत्र्याला पडवीत घालते, मग त्या आत येतात. चहा होतो, गप्पा होतात. पूर्वी त्या दिवसातून चारदा यायच्या, आता आठवड्यातून एकदा-दोनदा. गेल्या वर्षी बांबू कुजले तेव्हा मी विचारून पाहिलं. "मावशी, आता नवे लावू का राहू दे?" त्या म्हणाल्या, "लाव. तो चांगला झालाय, मला दिसतं. पण मला अजून पाय आठवतो." मी लावले.

कुत्रा आता दोन वर्षांचा आहे. ओहोटीला मिस्टर त्याला किनाऱ्यावर नेतात. तिथली मुलं हात लावायला येतात तेव्हा ते आधी त्याला बसवतात आणि मुलांना सांगतात, आधी हात हुंगू दे त्याला. तो कुणाला चावलेला नाही. चप्पल मात्र अजून पळवतो, आणि मुलगा बडोद्याहून आला की आनंदानं दारातच थोडी शू करतो.

तो बदलला तो आमच्या उठण्या-बसण्यानं, की नुसताच मोठा झाला, हे मला आजही सांगता येत नाही. पाचव्या महिन्यात त्याचे दुधाचे दात पडले. एक मला पडवीत झाडताना सापडला, तांदळाच्या कणीएवढा. मी तो मिस्टरांना दाखवला. त्यांनी तळहातावर घेऊन चष्मा लावून पाहिला आणि म्हणाले, "एवढासा?"